व्हेरिकोसील : बहुतेक वेळा डावीकडेच का होतं?

पायाच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या झालेल्या तुम्ही बघितल्या असतील, तसंच अंडकोषाच्या पिशवीतल्या शिरांचं झालं की त्याला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण 100 पुरुषांमागे 15 जणांना हे असतं, आणि मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्यांमध्ये तर 35 ते 40 जणांना, त्यामुळे नुसत्या बायकोच्याच टेस्ट करत बसू नका, दोघांच्या एकदमच करा.

आता डावीकडेच का? उजव्या वृषणाची शीर तिरकी जाऊन थेट पोटातल्या महाशिरेला मिळते, डावीची मात्र अजून वर जाते आणि किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते. म्हणजे अंतर जास्त, त्यात माणूस दिवसभर उभा, रक्ताला सगळा चढच. शिरेतल्या बारीक झडपा रक्ताला खाली येऊ देत नाहीत, पण त्या नीट मिटल्या नाहीत की रक्त उलटं येतं, साचतं आणि शिरा फुगतात.

शुक्राणू बनायला अंगापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं. वृषणाकडे जाणाऱ्या धमनीला या शिरांचं जाळं वेढून असतं आणि त्यातलं थंड रक्त धमनीतल्या गरम रक्ताची उष्णता ओढून घेतं, इतकी सुंदर सोय! शिरांतच गरम रक्त तुंबलं की ती बिघडते, मग काउंट कमी होतो, शुक्राणूंची हालचाल मंदावते, कधी त्यांच्या डीएनएलाही इजा होते.

तरी घाबरू नका, व्हेरिकोसील असलेल्या कितीतरी जणांना सहज मुलं होतात. डॉक्टर उभं करून, जोर लावायला सांगून हाताने तपासतात, गांडुळांचा गुंता असावा तसं लागतं आणि आडवं झालं की बहुधा ओसरतं. आडवं होऊनही ओसरलं नाही, किंवा एकट्या उजवीकडे अचानक आलं, तर किडनीकडे गाठबिठ नाही ना हे बघायला पोटाची सोनोग्राफी करतात, ते टाळू नका.

नुसत्या सोनोग्राफीत दिसलं आणि हाताला लागत नसेल तर मूल होण्यासाठी म्हणून ऑपरेशन सहसा करत नाहीत. हाताला लागतंय, वीर्याचा रिपोर्ट खराब आहे आणि मूल हवंय, अशा वेळी मायक्रोस्कोपखाली त्या शिरा बांधतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून ऑपरेशननंतर वीर्याची तपासणी 3 महिन्यांनी करतात, त्याआधीच्या रिपोर्टमध्ये जुनाच माल मोजला जातो.