माजघरातले कागद चव्हाट्यावर कसे आले

ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने मराठ्यांचा इतिहास १८२६ साली इंग्रजीत छापला आणि पुढची चाळीस वर्षे तोच प्रमाण मानला गेला. १८६७-६८ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने त्यावर जाहीर टीका केली. त्या टीकेतून एक सरळ प्रश्न पुढे आला. डफला खोडून काढायचे तर मूळ कागद हवेत, आणि ते आहेत कुठे?

पुण्याचे पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, सरकारच्या ताब्यात होते. इनामे आणि जमाबंदी तपासण्यासाठी ते वापरात होते, पण बाहेरच्या अभ्यासकाला तिथे शिरकाव मिळणे फार अवघड होते. त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली छापले गेले ते थेट १९३० ते १९३४ या काळात. मात्र मराठी राज्याचा कारभार एका कचेरीतून चालतच नव्हता. सरदार, फडणीस, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, क्षेत्रोपाध्ये अशा प्रत्येकाच्या घरी आपापले दप्तर असे. म्हणजे अर्धा इतिहास लोकांच्या माळ्यावर, रुमालात बांधलेला होता. महाराष्ट्रात इतिहासाचे काम सरकारी खात्याआधी लोकांनी उभ्या केलेल्या मंडळांकडे आले, त्याचे खरे कारण हे.

सुरुवात मासिकांपासून झाली. का. ना. साने, ज. बा. मोडक आणि शं. तु. शाळिग्राम यांनी १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ काढले आणि बखरी, पत्रे, जुनी काव्ये छापायला घेतली. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचे दप्तर हाती घेतले, साताऱ्यात द. ब. पारसनीस कागद, चित्रे, पुस्तके जमवत होते. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. त्यात पानिपतापर्यंतची पत्रे आहेत, आणि पुढे या मालेचे २२ खंड झाले. पण ही सगळी एकेकट्याची धडपड होती. माणूस थकला की त्याने जमवलेले कागद पुन्हा वाऱ्यावर. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा या कागदांना कायमचे घर मिळाले. राजवाडे पुढे मंडळापासून दूर झाले आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. लगेच पुढच्या वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

घरोघरचे कागद मिळवणे मात्र सोपे नव्हते. १८५२ च्या इनाम कमिशनने सनदा तपासून अनेकांची उत्पन्ने खालसा केली होती. कागद दाखवला की वतन जाते, ही धास्ती त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या टिकली. म्हणून कागद मागायला जाणाऱ्याने आधी घराचा विश्वास कमवायचा, मूळ कागद मालकाकडेच राहू द्यायचा, नक्कल उतरून घ्यायची आणि छापताना कागद कोणाच्या दप्तरातला ते नोंदवायचे, ही रीत फार मोलाची ठरली. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे सालवार घटनांची यादी, अशीच टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. तोवर शिवजन्म १६२७ चा समजत. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. तिच्यावर पुढे अनेक दशके वाद झाला, आणि २००१ पासून राज्य शासन १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरते. (ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने ती १ मार्च येते. १७ व्या शतकातल्या इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांत याच कारणाने दहा दिवसांचा फरक पडतो.)

कागद हाती आला तरी तो वाचता आला पाहिजे. हे बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढतात आणि त्यांना अक्षरे लटकवत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, विरामचिन्हे नाहीत. हिशेबाच्या कागदात आकड्यापुढे ‘॥’ दिसले तर तो दंड नव्हे, अर्धा असतो. ‘५॥’ म्हणजे साडेपाच, ‘५।’ म्हणजे सव्वापाच. हे न कळलेला वाचक अख्खी बेरीज चुकवतो.

त्याहून घात होतो तो सालात. पेशवाईतल्या पुष्कळ पत्रांवर चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असतो, आणि साल असलेच तर सुहूर सनाचे, अरबी संख्याशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, एकूण ११६१. हा सन मृग नक्षत्र लागले की, साधारण जूनच्या सुरुवातीला, बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई याच ११६१ सनातली, १४ जानेवारी १७६१ ची. सरसकट ५९९ मिळवणारा ती १७६० मध्ये नेऊन बसवतो. ‘समान’ म्हणजे आठ आणि ‘समानीन’ म्हणजे ऐंशी. घाईत वाचणाऱ्याचा घोटाळा इथेच होतो. जुन्या छापील संग्रहांतही अशा चुका राहिल्या आहेत, त्यामुळे सन छापलेला आहे म्हणून तो बरोबर असे धरून चालू नये. मंडळांनी मोडीचे वर्ग चालवले, नकला छापल्या, आक्षेप घेणाऱ्यांना त्याच पानांवर जागा दिली. लोकांना इतिहास शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी दिसत नाही. गोष्ट सांगून टाळ्या मिळतात, पण कागद समोर ठेवला की ऐकणारा स्वतः तपासू लागतो.

घरी जुन्या कागदांचा रुमाल सापडलाच तर काही गोष्टी आजही लागू आहेत. काजळाची शाई उजेडाने सहसा उडत नाही, पण पाण्याने पसरते, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद पिवळा पडतो आणि काढताना अक्षर सोबत घेऊन येतो. प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन तर मुळीच नको, ते सोडवता येत नाही. पुडके उघडण्याआधी जसे आहे तसे फोटो घ्यावेत आणि कागदांचा क्रम मोडू नये, कारण बिनतारखेच्या पत्राचा काळ बरेचदा शेजारच्या पत्रावरूनच लागतो. ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित ७५ वर्षांहून जुने असेल तर ते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते घरात ठेवता येते, पण खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.