चौथीपर्यंत थांबा: कोकणातल्या हुशार पोरांच्या परीक्षांमागची गोष्ट

पाच वर्षांचं पोर एसटीची पाटी घडाघडा वाचायला लागलं की घरात विषय निघतोच: हिला कुठे घालायचं? दापोली असो नाहीतर मालवण, गुरुजींचं उत्तर ठरलेलं असतं. चौथीपर्यंत थांबा, मग स्कॉलरशिपला बसवा, पाठोपाठ नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा, फॉर्म भरा.

पारखून घ्यायला घाटावर जायचं, हा कोकणाचा जुना रिवाज. मुरुडचे धोंडो केशव कर्वे 1870 च्या दशकात सरकारी परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण लागत. मुलगा तेवढा दिसत नाही म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. शेजारच्या मुर्डीचे र. पु. परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला गणितात पहिले आले, म्हणजे सीनिअर रँग्लर झाले, पण त्यांच्या पाठीशी हेच कर्वे होते. बुद्धी होती, आणि ती ओळखणारं माणूस घरातच होतं. सगळ्यांचं नशीब असं कुठलं?

बुद्धी मोजायचं शास्त्र त्यानंतर आलं, आणि तेही उलट्या कामासाठी. 1905 मध्ये पॅरिसला बिने आणि सिमाँ यांनी चाचणी तयार केली ती वर्गात मागे पडणारी मुलं हेरायला. अमेरिकेत टर्मनने 1916 मध्ये ती सुधारली आणि पुढे तिच्याच आधारे अतिहुशार मुलं निवडली. आपल्याकडे धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात तिची मराठी आणि कानडी रूपं बसवली. 'बिने-कामत' चाचणी मानसशास्त्रज्ञ आजही वापरतात. ती तीन वर्षांच्या मुलापासून लावता येते, म्हणजे साधन केव्हाच हाताशी होतं. शाळाखात्याने मात्र ते दारात उभं केलं नाही.

खात्याने आणली ती शिष्यवृत्ती परीक्षा. हुशार पण गरीब मुलाचं शिक्षण सुटू नये, हा तिचा हेतू. म्हणून ती प्राथमिक शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर, चौथीला बसवली, दुसरी सातवीला. 2017 पासून ती पाचवी-आठवीला गेली आणि 2025 मध्ये सरकारने ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळवण्याचा निर्णय घेतला. त्यापायी गुरुजींचे जादा तास तेवढे इकडचे तिकडे झाले. दोनशिक्षकी वाडीशाळेत हे तास म्हणजे एका मास्तराची हौस असते. तो बदलून गेला की गुणवत्ता यादीतलं गावाचं नावही त्याच्या मागोमाग जातं. मला ही त्या व्यवस्थेची सगळ्यात मोठी खोट वाटते.

पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने 1969 मध्ये खास बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली. तिथेही प्रवेश पाचवीचाच, आणि कोकणातल्या पोराला पुन्हा घाट.

घाट उतरून खाली आली ती नवोदय. 1985-86 मध्ये देशात पहिली दोन विद्यालयं निघाली, त्यातलं एक आपल्या अमरावतीला. पुढे जिल्ह्याजिल्ह्यात ती पोचली: सिंधुदुर्गात सावंतवाडीजवळ सांगेलीला, रायगडात निजामपूरला. सहावीपासून निवासी शिक्षण, जिल्ह्याला साधारण 80 जागा आणि त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांना. दोन तासांत 80 प्रश्न. निम्मे बुद्धिमत्तेचे, म्हणजे वेगळी आकृती ओळखा, आरशातलं चित्र कुठलं. पाठांतराला तिथे फारसं काम नाही, हे चांगलंच.

फॉर्म बहुतेक वेळा ऐन पावसात येतो. नेट गेलेलं असतं आणि बाजारपेठेतल्या सेवा केंद्रात ओल्या छत्र्यांची रांग. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा दाखला लागतो, फोटो लागतो, आणि मुलाची स्वतःची सहीसुद्धा. दहा वर्षांचं पोर बाकावर बसून आडनावाला शेपूट कसं काढायचं ते घोटत असतं.

मग पाच-सहा वर्षांच्या पोरासाठी काय? सरकारी काहीच नाही. उलट शिक्षणहक्क कायद्याचं कलम 13 सांगतं की प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येणार नाही. पहिल्या चुकीला 25 हजारांपर्यंत दंड. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांना शिक्षकांनी हेरून आधार द्यावा असं लिहिलंय खरं, पण आईबापाने भरावा असा अर्ज त्यातून अजून निघालेला नाही. ही जागा खासगी 'टॅलेंट सर्च' वाल्यांनी पकडली आहे. पहिलीपासून परीक्षा, फी आणि बहुतेकांना पदक. पोराला मजा वाटत असेल तर बसवावं, पण त्या पदकावर पुढे कुठला दरवाजा उघडत नाही.

चाकरमान्यांनी एक नियम आधीच बघून ठेवावा. मुंबई शहरात नवोदय नाही, म्हणून पाचवीला पोर गावी आजीकडे ठेवायचा बेत बरेच जण करतात. अर्जासाठी पाचवीला त्या जिल्ह्यात शिकत असणं आणि तिथलाच रहिवासी असणं ही अट आहे. शिवाय ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत पूर्ण व्हावी लागतात.