मशीन घेण्याआधी पाणी हलवून पाहा

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भाच्याचं लग्न झालं. दोघांनी नाशकात पाथर्डी फाट्याच्या पुढे एका नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि एका रविवारी त्याचा फोन आला, ‘‘मावशी, वॉशिंग मशीन कुठलं घेऊ? फ्रंट लोड की टॉप लोड?’’ मी म्हटलं, ‘‘आधी तुझ्या बाथरूमच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आण, मग बोलू.’’

संध्याकाळी दोघं आले. ओट्यावर दोन सारख्या बाटल्या ठेवल्या. एकीत आमच्याकडचं महापालिकेचं पाणी, दुसरीत त्याने आणलेलं बोअरचं. दिसायला दोन्ही सारखीच स्वच्छ. अंगाच्या साध्या साबणाची वडी किसून चिमूटभर कीस दोन्हीत टाकला, बूच लावलं आणि वीस-वीस वेळा हलवलं. पहिल्या बाटलीत फेस बुचापर्यंत चढला आणि आमचा चहा होईपर्यंत तसाच राहिला. दुसरीत चार बुडबुडे आले आणि विझले. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं, वर पिठूळ गुठळ्या तरंगायला लागल्या आणि बाटलीच्या काठाला चिकटल्या. भाच्याने बोट लावून पाहिलं. ‘‘हे तर आमच्या बादलीला बसतं तेच!’’

तेच ते. शाळेच्या पुस्तकात आपण ‘सुफेन’ (साबणाचा फेस होणारं) आणि ‘दुष्फेन’ (न होणारं) असे शब्द पाठ केलेले असतात, पण बाटली हातात धरून पाहिल्याशिवाय ते खरे वाटत नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मी हा प्रयोग दरवर्षी करते आणि दरवर्षी वर्गातलं कुणीतरी घरी जाऊन तो पुन्हा करतं. त्याचा मला फार आनंद होतो.

साबणाच्या रेणूला एक लांब शेपटी असते, ती तेलात शिरते. आणि एक डोकं असतं, ते पाण्यात रमतं. मळ म्हणजे बहुतेक तेलकट थर आणि त्यात अडकलेली धूळ. शेपट्या त्या थरात घुसतात, डोकी बाहेर राहतात आणि मळाचा कण सुटून पाण्यात तरंगू लागतो. पण पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असेल तर ते मळाच्या आधी साबणालाच धरतं. एक कॅल्शियम दोन साबणरेणूंना पकडून न विरघळणारा साका करतं. दुसऱ्या बाटलीतल्या गुठळ्या त्याच.

हिशोब करून पाहू. पाण्याची कठीणता, म्हणजे या क्षारांचं प्रमाण, दर लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल आणि धुण्याला ५० लिटर पाणी लागत असेल, तर त्यात १५ ग्रॅम चुनखडीइतके क्षार आले. एवढे क्षार साधारण ९० ग्रॅम साबण गिळतात. कपड्यांची पाळी त्यानंतर. आणि ३०० हा आकडा काही भयंकर नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

नाशकात एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत पाणी इतकं वेगळं का असतं? महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं. ते पावसाळ्यात डोंगरावरून वाहून आलेलं, खडकाच्या फार सहवासात न राहिलेलं. बोअरचं पाणी मात्र दख्खनच्या काळ्या बसाल्टच्या फटींतून वर्षानुवर्षं झिरपत आलेलं असतं. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन खाली उतरतं. नव्या वस्त्यांमध्ये बऱ्याचदा स्वयंपाकघरात महापालिकेचं आणि बाथरूमला बोअरचं किंवा मिसळलेलं पाणी असतं. मशीनची तोटी बाथरूमच्या लाइनवर! घर बघताना हे कुणी विचारत नाही.

कपड्यांची पावडर म्हणजे साबण नव्हे, ती डिटर्जंट असते. तिचा साका तितका होत नाही, पण जड, म्हणजे दुष्फेन, पाण्यात तिचाही जोर कमी होतो. म्हणून उत्पादक तिच्यात धुण्याचा सोडा किंवा झिओलाइट घालतात. झिओलाइटची चाळणीसारखी रचना कॅल्शियम आत घेते आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडते. पाण्याप्रमाणे पावडरचं माप बदलायचं ते यासाठी. पाकिटावर बहुधा लिहिलेलं असतं, आपणच वाचत नाही.

दुसरा त्रास हीटरचा. जड पाणी तापलं की विरघळलेला बायकार्बोनेट फुटतो आणि घट्ट चुनखडी होऊन तापलेल्या धातूवर बसते. जुन्या बंबात खरवडून काढायला लागणारा पांढरा थर तोच. हीटर त्या थराआड कोंडतो, जास्त तापतो आणि लवकर जातो. अधूनमधून रिकाम्या मशीनमध्ये सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, घालून गरम पाण्याची एक फेरी दिली की थर विरघळतो. किती घालायचं ते मशीनच्या पुस्तिकेत पाहावं. मात्र त्यात ब्लीच कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू निघतो. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी.

आता मशीनकडे वळू. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो, तळाशी थोडंसंच पाणी. ड्रम फिरला की आतले पंखे कपडे उचलून वर नेतात आणि कपडे आपल्याच वजनाने पाण्यावर आपटतात. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, दगडावर धुणं आपटणाऱ्या बायकांचंच हे काम. फक्त ड्रमचा वेग नेमका लागतो. साधारण २४ सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रमला मिनिटाला ६१ फेऱ्यांच्या वर नेलं तर कपडे भिंतीला चिकटून राहतात, पडतच नाहीत. म्हणून धुताना तो पन्नासेक फेऱ्यांवरच फिरवतात. पाणी कमी, म्हणून त्यात पावडरचं प्रमाण दाट आणि तापवायला वीजही कमी. सात किलोच्या फ्रंट लोडला एका धुण्यात साधारण पन्नास-साठ लिटर पाणी पुरतं. टॉप लोडमध्ये कपडे बुडून पोहायला हवेत, म्हणून जवळजवळ दुप्पट लागतं.

पिळताना हाच ड्रम १२०० फेऱ्यांवर जातो. तेव्हा कपड्यातल्या पाण्याच्या थेंबावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८० पट ओढ बसते. ७०० फेऱ्यांवर १३० पट. नाशकातल्या श्रावणात दोऱ्या बाल्कनीत असल्या तरी कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, तिथे हा फरक नाकाला कळतो. पण फेऱ्यांचा आकडा एकटा पाहू नये. सेमी ऑटोमॅटिकचा सुकवायचा डबा १३०० फेऱ्या घेतो, पण त्याची त्रिज्या निम्म्याहूनही कमी असते, त्यामुळे ओढ २०० पटींच्या आसपासच राहते.

तरीही सेमी ऑटोमॅटिकला मी कमी लेखणार नाही. जिथे पाणी तासभरच येतं किंवा टँकरवर दिवस काढायचे असतात, तिथे बादलीने पाणी ओतता येणारं, शेवटच्या खळबळीचं पाणी पुढच्या धुण्याला वापरू देणारं मशीनच शहाणं. फुल्ली ऑटोमॅटिकला नळात दाब हवा. टाकीतल्या पाण्याच्या दर मीटर उंचीला सुमारे ०.१ बार दाब मिळतो. पुस्तिकेत किमान ०.३ बार लिहिलं असेल तर टाकी तोटीपेक्षा तीन मीटर वर हवी. तळमजल्यावर अडचण नाही. भाचा मात्र सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी त्याच्या डोक्यावरच! त्याच्या घरी टेपने मोजलं तर तोटीपासून टाकीच्या तळापर्यंत जेमतेम दोन मीटर भरलं. मशीन ‘पाणी येत नाही’ असा कोड दाखवून थांबलं असतं आणि दोष मशीनवर गेला असता. त्याने फ्रंट लोडच घेतलं, पण सोबत छोटा प्रेशर पंप बसवून.

मापाच्या बाबतीत एवढंच. मशीनवरचे किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात. एक जीन्स साधारण सहा-सातशे ग्रॅम, सोलापुरी चादर त्याहून जड. ड्रम ठासून भरला की कपड्यांना पडायला जागा उरत नाही, मग धुणं होत नाही, नुसतं भिजणं होतं. वर हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा ठेवावी.

आमचं पहिलं फ्रंट लोड आलं तेव्हा एक धडा मिळाला होता. जोडणी करून माणूस गेला, मी चादरी टाकल्या आणि पिळायची वेळ येताच मशीन मोरीपासून दारापर्यंत धडधडत चालत आलं. बटण बंद करेपर्यंत नळी ताणून तुटायची बाकी होती. मागे वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढायचे राहून गेले होते. ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो, म्हणजे त्याचे हिसके बाहेरच्या पेटीला बसू नयेत. बोल्टांनी तो पेटीलाच जखडलेला होता. हिसके केवढे? अर्धा किलो ओला टॉवेल एका बाजूला गोळा झाला तर १२०० फेऱ्यांवर तो जवळजवळ १९० किलो वजनाइतक्या जोराने ड्रमला ओढतो. हे आवरायला फ्रंट लोडच्या पोटात काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. एकट्याला मशीन उचलवत नाही ते त्यामुळे. नवीन मशीन आलं की आधी मागे जाऊन बोल्ट काढलेत का ते पाहा आणि एकटी जाड चादर कधी पिळायला लावू नका, सोबत दोन-तीन कपडे असू द्या.

पावडर हाताने धुण्याची आणि मशीनची वेगळी का, असा प्रश्न भाच्याच्या बायकोने, आमच्या सूनबाईने विचारला. फेस म्हणजे स्वच्छता असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. आडव्या ड्रममध्ये जास्त फेस झाला की तो गादीसारखा मध्ये येतो, कपडे आपटतच नाहीत, शिवाय खळबळायला पाणी वाढतं. मशीनच्या पावडरमध्ये फेस दाबणारे घटक मुद्दाम घातलेले असतात. हे धुतल्यावरचं पाणी शेवटी गोदावरीतच जातं आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरला, महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीत पोहोचतं. फॉस्फरस आणि नायट्रोजन पाण्यात वाढले की पाणवेली (जलपर्णी) फोफावतात. म्हणून पावडरचा चमचा सपाट असावा, शिगोशीग नको.

१९५९ साली हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने धुण्याची क्रिया एका वर्तुळात मांडली होती: रसायन, घासणं-आपटणं, तापमान आणि वेळ. एक भाग कमी केला तर बाकीच्यांनी भरून काढायचा. वीज वाचवणारा प्रोग्रॅम तीन-तीन तास का चालतो, त्याचं उत्तर यात आहे. तो पाणी कमी तापवतो आणि वेळ वाढवतो. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला सुमारे ०.३५ युनिट वीज लागते, ६० वर न्यायला त्याच्या दुप्पट. मोटर फिरवण्यापेक्षा तापवणंच महाग. रोजच्या कपड्यांना ३० ते ४० अंश पुरेसे असतात, कारण पावडरमधली विकरं म्हणजे एन्झाइम त्याच उबेत नीट काम करतात. पण निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत नळाचं पाणी तसंच वापरलं तर पावडर नीट विरघळतही नाही, काळ्या कपड्यांवर पांढरे ओघळ राहतात. तेव्हा तापवावंच. रक्ताचा किंवा दुधाचा डाग असेल तर मात्र आधी थंड पाणी. प्रथिनं गरम पाण्यात उकडलेल्या अंड्यासारखी थिजतात आणि धाग्यात बसतात.

धुणं झालं की दार उघडं ठेवा आणि रबराची घडी पुसून घ्या, कुबट वास तिथूनच येतो.

निघताना सूनबाईने पिशवीतून भाच्याचा हळदीतला पांढरा सदरा काढला. खांद्यावर, छातीवर पिवळे पट्टे. तिने साबण लावला होता आणि डाग लालभडक झाले म्हणून घाबरून गेली होती. घाबरायचं काहीच नव्हतं. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबणासारख्या अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेच. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, म्हणून मशीनच्या फेऱ्या वाढवून फार उपयोग नव्हता. पण प्रकाशात ते तुटतं. मी सदरा तिच्यासमोर एकदा मशीनमध्ये लावला, साबण निघून डाग पुन्हा पिवळा झाला. मग गच्चीवर दोरीला लावून ठेवला आणि तिला बुधवारी न्यायला यायला सांगितलं.

तीन दिवस ऊन चांगलं होतं. बुधवारी ती आली तेव्हा सदरा पांढरा होता. फक्त दोन्ही खांद्यांवर, प्लॅस्टिकच्या चिमट्यांच्या खाली जिथे ऊन पोहोचलं नव्हतं, तिथे चिमट्याच्या आकाराचे दोन पिवळे ठिपके उरले होते. ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग तिने चिमटे दोन बोटं बाजूला सरकवून सदरा परत दोरीवर टाकला.