'कमलदळम' आणि 'वानप्रस्थम': मोहनलालचे दोन नर्तक

मल्याळम अभिनेता मोहनलाल नाचतोय अशी एखादी छोटी चित्रफीत फिरत आली की हमखास कुणीतरी विचारतं, "राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सिनेमा हाच ना?" बहुतेक वेळा तो नसतो. नाच असतो 'कमलदळम'मधला आणि पुरस्कार 'वानप्रस्थम'चा. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हींत मोहनलाल नर्तक आहे, दोन्ही गोष्टी केरळच्या रंगमंचावर घडतात, दोन्हींत प्रेम आणि कला एकमेकींच्या आड येतात आणि दोन्हींच्या निर्मितीत मोहनलालची 'प्रणवम आर्ट्‌स' आहे. वर दोन्ही नावं संस्कृत, आपल्याला न सांगता कळणारी. (मल्याळमलाही आपल्यासारखाच 'ळ' आहे, म्हणून 'दलम' न लिहिता 'दळम'.) तरी हे दोन नर्तक माणूस म्हणून इतके वेगळे आहेत की त्यांची सरमिसळ झालेली मला बघवत नाही. पुढे दोन्ही कथा उलगडणार आहेत, तेव्हा ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी इथेच थांबावं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे चेहरा. मोहनलालचा चेहरा उघडा असेल, अंगावर नृत्यशिक्षकाचा साधा वेश असेल, तर तो 'कमलदळम'मधला नंदगोपन. चेहरा हिरव्या रंगाखाली गेलेला असेल, गालांभोवती पांढरी कड, डोक्यावर किरीट आणि कमरेला मोठा घेर असेल, तर तो 'वानप्रस्थम'मधला कुंजीकुट्टन. तो कथकळी नट आहे.

'कमलदळम' 1992चा. दिग्दर्शन सिबी मलयिल यांचं, लेखन लोहितदास यांचं. याच जोडीने आदल्या वर्षी मोहनलालला घेऊन 'भरतम' केला होता. त्यात नाच नव्हे, गाणं आणि दोन भावांमधला पीळ होता. राष्ट्रीय पुरस्कारांच्या गोंधळात हा तिसराही मिसळतो: मोहनलालला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार 'भरतम'साठी आणि पुढे 'वानप्रस्थम'साठी मिळाला, मधल्या 'कमलदळम'साठी नाही.

नंदगोपन 'केरळ कलामंदिरम' नावाच्या संस्थेत नृत्य शिकवतो. संस्था काल्पनिक आहे, पण नाव ऐकताच आठवतं ते कवी वळ्ळत्तोळ यांच्या पुढाकाराने 1930 साली उभं राहिलेलं खरं केरळ कलामंडलम. नंदगोपनची पत्नी सुमंगला जळून गेली आहे. ते त्यानेच केलं असा लोकांना संशय आहे, तो दारूत बुडालाय आणि संस्थेने त्याला दूर केलंय. त्याला सावरते ती त्याची कलाकृती. मनात कधीपासून जपलेलं सीताकल्याणाचं नृत्य त्याला रंगमंचावर आणायचंय, आणि त्यासाठी त्याला मालविका ही शिष्या सापडते. इथे अनेकांची चूक होते: हे गुरू-शिष्येचं प्रेमप्रकरण आहे असं ते समजतात. तसं समजतो तो मालविकेचा प्रियकर, आणि त्याच मत्सरापोटी तो नंदगोपनला विष देतो. नंदगोपनचं प्रेम सुमंगलेपाशीच थांबलंय. मालविकेत त्याला आपल्या नृत्यासाठी देह दिसतो, एवढंच. मालविका झालेली मोनिषा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपघातात गेली. रवींद्रन यांच्या संगीतावर नाचणारी ती मुलगी पाहताना ही गोष्ट मनातून जात नाही.

'वानप्रस्थम'कडे वळलं की सूरच बदलतो. शाजी एन. करुण यांचा 1999चा हा भारत-फ्रान्स सहनिर्मितीचा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. संगीत मुंबईत जन्मलेल्या उस्ताद झाकीर हुसेन यांचं. कलामंडलम गोपी यांच्यासारखे खरे कथकळी कलावंत पडद्यावर आहेत, त्यामुळे रंगमंच कुठेही खोटा वाटत नाही.

काळ त्रावणकोर संस्थानाचा. कुंजीकुट्टनची आई खालच्या मानल्या गेलेल्या जातीची, बाप उच्चवर्णीय जमीनदार. बाप त्याला मुलगा म्हणून ओळख देत नाही. हा माणूस रंगमंचावर अर्जुन होतो. कथकळीत अर्जुनाचा वेश 'पच्चा', म्हणजे हिरवा: धीरोदात्त, कुलीन पात्रांचा. नट तासन्‌तास जमिनीवर उताणा पडून राहतो आणि त्याच्या जबड्यालगत 'चुट्टी'ची पांढरी कड बांधत नेतात. डोळे लाल दिसावेत म्हणून पापणीत चुंडप्पूचं बी घालतात. नट स्वतः बोलत नाही, शब्द मागे उभे असलेले गायक गातात. म्हणजे उठून उभा राहतो तेव्हा त्याचा चेहराही स्वतःचा नसतो आणि आवाजही. ज्याला बापाने नाव दिलं नाही त्याला रात्रभरापुरतं राजकुमाराचं कूळ मिळतं आणि पहाटे रंग पुसला की ते जातं.

अशा एका रात्री दिवाणाच्या घरातली सुशिक्षित सुभद्रा त्याला पाहते. सुहासिनीने ही भूमिका फार संयमाने केली आहे. सुभद्रा प्रेमात पडते ती अर्जुनाच्या. कुंजीकुट्टनला वाटतं, आपल्याच. तिला मुलगा होतो आणि रंग पुसलेल्या या माणसाला ती मुलाचं तोंडही पाहू देत नाही. बापाने नाकारलेला माणूस आता बाप म्हणूनही नाकारला जातो. मग तो नायकाची पात्रं सोडून राक्षसी पात्रांकडे वळतो. शेवटी पुन्हा अर्जुन करतो तेव्हा समोर सुभद्रेच्या भूमिकेत तो स्वतःच्या मुलीला, शारदाला, उभी करतो. त्या प्रसंगी मला दरवेळी मान वळवावीशी वाटते.

नंदगोपनला हवी होती एक कलाकृती, आणि जीव गेला तरी ती त्याला मिळाली. कुंजीकुट्टनपाशी कला पहिल्यापासून होती. त्याला हवं होतं ते कुणीतरी रंगाशिवाय ओळखणं, आणि ते त्याची कला मिळवून देऊ शकत नव्हती. म्हणून 'कमलदळम' पाहून आपण रडतो आणि मोकळे होतो. 'वानप्रस्थम'नंतर मी तरी बराच वेळ गप्प बसले होते.

दोन्ही बघणार असाल तर 'कमलदळम' आधी बघा, त्यातली गाणी आणि प्रसंग आपल्या ओळखीच्या वळणाचे आहेत. 'वानप्रस्थम'साठी एक निवांत रात्र ठेवा, आणि कथकळीचे लांब तुकडे पुढे ढकलू नका. पात्रं एकमेकांना जे सांगू शकत नाहीत ते तिथेच, चेंडा आणि मद्दळम या तालवाद्यांच्या आवाजात, डोळ्यांनी सांगितलेलं आहे.