आई दाराबाहेर कशी गेली

२०१८ च्या पावसाळ्यात नाशिकमधल्या एका प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकड्यावर मी रात्र काढली. आत धाकटी बहीण, बाहेर मी आणि आई. दार लावलेलं होतं, पण आवाज अडत नव्हता. बहिणीचं कण्हणं ओळखू येत होतं. त्यावर चढलेला दुसरा आवाज म्हणत होता, "आता कशाला ओरडतेस? तेव्हा नाही ओरडलीस!" पहाटे ती मोकळी झाली, बाळ रडलं, पेढे वाटले गेले. त्या वाक्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही. आई एवढंच म्हणाली, "असतंच तसं. तिथे आपलं काय चालतं?"

हे 'असतंच तसं' आपल्याकडे इतकं मुरलं आहे की ते कुठून आलं, हे विचारायचंही कोणाला सुचत नाही. पण ते कायमचं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. खोली घरातलीच, सुईण गावातलीच, पाठीशी आई नाहीतर मावशी. कळा येत असताना बाई उकिडवी बसे, दोराला लोंबकळे, फेऱ्या घाली. याचे गोडवे गाताना जपून बोलायला हवं. मळक्या हत्यारानं नाळ कापल्यामुळे धनुर्वातानं बाळं जात, रक्त थांबलं नाही तर बाई हाती लागत नसे. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवरून आजही पावसाळ्यात अडलेल्या बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिला दवाखाना हवाच आहे. प्रश्न आहे तो दवाखान्यात पोचल्यावर तिचं काय होतं, हा.

हिंदुस्थानात १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावानं निधी उभा राहिला आणि बायकांसाठी दवाखाने, स्त्री डॉक्टर, परिचारिका यांची सोय होऊ लागली. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दायांच्या प्रशिक्षणासाठी वेगळा निधी काढला. हेतू जीव वाचवण्याचाच होता. पण त्या काळातल्या लिखाणात दाई म्हणजे घाणेरडी, अडाणी, असा सूर सतत लागतो. बाळंतिणीच्या उशाशी बसणारी बाई अडाणी ठरली, की बाळंतीणही अडाणी ठरायला वेळ लागत नाही.

आतल्या खोलीची मांडणी बरीचशी युरोप-अमेरिकेतून आली. बाळंतिणीनं पाठीवर आडवं झोपावं, हे सतराव्या शतकात मोरिसो या फ्रेंच डॉक्टरानं रूढ केलं. त्याचा ग्रंथ १६६८ चा. वरून पोट दाबून बाळ खाली ढकलायची पद्धत जर्मनीच्या क्रिस्टेलर यांनी १८६७ मध्ये मांडली. १९२० मध्ये शिकागोच्या जोसेफ डिली यांनी सुचवलं की सरसकट खालून कट द्यावा आणि चिमटा लावून बाळ काढावं, त्यात आईचं आणि बाळाचं रक्षण आहे. १९५५ साली इमॅन्युएल फ्रीडमन यांनी ५०० पहिलटकरणींच्या गर्भाशयाचं तोंड किती वेळात किती उघडतं, हे मोजून आलेख काढला. पुढे त्यातून 'तासाला एक सेंटीमीटर' हे घड्याळ लेबर रूमच्या भिंतीवर चढलं. घड्याळामागे पडली की बाई 'सहकार्य करत नाही' असं ठरू लागलं. यातला कोणी डॉक्टर दुष्ट होता असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक पायरीवर सोय पाहिली गेली ती करणाऱ्याची. जिच्या अंगावर हे सगळं होत होतं ती आडवीच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या शिफारशींत हे घड्याळ मोडीत काढलं. पोट दाबू नये, सरसकट कट देऊ नये, बाईला हवं तसं बसू-फिरू द्यावं, असंही त्यात आहे. म्हणजे सुईणीच्या खोलीतल्या निदान काही गोष्टी शहाणपणाच्या होत्या.

बायका गप्प बसल्या होत्या असंही नाही. १९५७ च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका महिला मासिकात एका परिचारिकेचं पत्र छापून आलं. प्रसूतिकक्षात बायकांना तासन्‌तास बांधून ठेवतात, याची चौकशी करा, अशी तिची विनंती होती. त्यावर आयांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि १९५८ मध्ये मासिकानं ती छापली. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सॅली विलिंग्टन यांनी गरोदर स्त्रियांवरच्या क्रूरतेविरुद्ध संघटना काढली. २००७ मध्ये व्हेनेझुएलानं याला 'प्रसूतीतली हिंसा' असं नाव देऊन कायद्यात बसवलं. नाव मिळालं की 'असतंच तसं' म्हणणं अवघड होतं.

आपल्याकडे दवाखान्यातल्या बाळंतपणांनी वेग घेतला २००५ मध्ये. एप्रिलमध्ये जननी सुरक्षा योजना आली: दवाखान्यात बाळंत व्हा, पैसे मिळतील. महाराष्ट्रात खेड्यातल्या पात्र बाईला ७०० रुपये, शहरातलीला ६००. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ ला महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं ६४.६ टक्के होती, २०१९-२१ ला ९४.७ टक्के झाली. राज्यातला माता मृत्यूचा आकडा लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ ला १३० होता, तो २०१८-२० ला ३३ वर आला. हे यश खरं आहे, आणि त्यात आशाताईंची पायपीट आहे.

पण बाई दारापर्यंत आणण्याचं उद्दिष्ट ठरलं, दाराच्या आत तिच्याशी कसं वागायचं याचं ठरलं नाही. खाटा तेवढ्याच, सिस्टर तेवढ्याच, बाळंतिणी वाढलेल्या. दोन खाटांमध्ये पडदा नाही, रात्रपाळीला एकच सिस्टर, तिच्यावरही वरून ओरडणारे आहेतच. पाड्यावरची कोकणा किंवा वारली बाई शहराच्या दवाखान्यात येते तेव्हा तिची बोली समजून घ्यायला कोणाला उसंत नसते. मग 'कळत नाही का तुला' इथून सुरुवात होते. तिसरं-चौथं मूल असेल तर टोमणे आणखी धारदार होतात. इथे योजनेच्या अटीकडेही पाहायला हवं: महाराष्ट्रासारख्या राज्यात हे पैसे २०१३ पर्यंत पहिल्या दोन जिवंत जन्मांपुरतेच होते, तेही वय १९ भरलेलं असेल तर. जिचं बाळंतपण सरकारी कागदानंच नको ठरवलं, तिला खाटेवर कोण मान देणार? न विचारता गर्भनिरोधक तांबी बसवल्याच्या तक्रारीही देशभरातून येत राहिल्या आहेत.

अशा वागणुकीची मोजदाद उशिरा सुरू झाली. २०१० मध्ये बाउसर आणि हिल या संशोधकांनी सात प्रकार मांडले: मारहाण, न विचारता केलेले उपचार, आडोसा नसणं, अपमान, भेदभाव, एकटं सोडून देणं, बिलासाठी अडकवून ठेवणं. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे थांबवा असं निवेदन काढलं. २०१९ मध्ये घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमारमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूती चालू असताना निरीक्षक हजर होते. २,०१६ बायकांपैकी ८३८ जणींना शिवीगाळ, मारहाण किंवा भेदभाव सोसावा लागला. खालून कट दिलेल्या २५३ पैकी १९० जणींना विचारलंच नव्हतं. सगळ्यांत जास्त त्रास बाळ यायच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटं या वेळात झाला. त्या रात्री मला ते वाक्य ऐकू आलं तेही याच वेळात.

भारतात सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या समीरा कोहली निकालात स्पष्ट केलं की रुग्णाची खरी, माहिती देऊन घेतलेली संमती नसेल तर तातडीच्या प्रसंगाखेरीज डॉक्टरला हात लावता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू झाला, त्यात सन्मानानं वागवणं हा भाग आहे.

आणि नाशिकचा संबंध इथे फक्त बाकड्यापुरता नाही. राज्यभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे अभ्यासक्रम आणि परीक्षा पाहणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात, म्हसरूळला आहे. मुंबईच्या 'सेहत' या संस्थेनं एमबीबीएसच्या विषयांत स्त्री-पुरुष भेदाचं भान आणणारे पाठ तयार केले. २०१८ मध्ये विद्यापीठानं ते स्वीकारले. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र हा त्यातला एक विषय. ओरडणं पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांकडे पाहून उचलतो, म्हणून पाठ बदलणं पुरेसं नाही. तरी मी त्याला कमी लेखणार नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांसाठी प्रसूतीच्या वेळी सोबतीला माणूस ठेवू देण्याच्या सूचना काढल्या. सोबतीण नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली. कपडे स्वच्छ हवेत, संसर्गजन्य आजार नको, आणि तिनं उपचारांत ढवळाढवळ करू नये. माझ्या आईची तीन बाळंतपणं झाली आहेत. त्या रात्री ती धुतलेलं लुगडं नेसून, पदरात सुंठीची पुडी बांधून आली होती. दाराबाहेर बसून ती आतल्या प्रत्येक कळेबरोबर श्वास रोखत होती. सूचना निघून दोन वर्षं झाली होती. आम्हाला ते कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही दार वाजवलं नाही.