श्वानविष्ठाजन्य जीवाणुदूषण
उद्यानांत पडून राहिलेल्या कुत्र्यांच्या विष्ठेतून माती, हिरवळ व पावसाचे वाहते पाणी यांत जीवाणू मिसळणे. या विष्ठेत एश्चेरिकिया कोलाय व एंटेरोकॉकस विपुल असतात; त्यांतील बहुतेक प्रकार निरुपद्रवी होत. रोगकारकांत साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर महत्त्वाचे. पहिला कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यांत, तर दुसरा पिल्लांत अधिक आढळतो. हे रोगकारक बाळगणारे जनावर वरकरणी बहुधा ठणठणीत असते. दर ग्रॅमला सुमारे २.३ कोटी विष्ठाजन्य कोलिफॉर्म (एश्चेरिकिया कोलायसारखे आतड्यांतील जीवाणू) हा आकडा वारंवार उद्धृत होतो, पण तो सूचक (विष्ठेचे दूषण झाल्याची केवळ खूण देणाऱ्या) जीवाणूंचा आहे, रोगजंतूंचा नव्हे.

कॅम्पिलोबॅक्टर ऊन व कोरडेपणात लवकर मरतो. साल्मोनेला मात्र ओलसर, सावलीतील मातीत कित्येक आठवडे तग धरतो. त्यामुळे विष्ठा वाळून तिचा भुगा झाला, तरी जागा निर्धोक ठरत नाही.

पाण्यातील दूषण कुत्र्यांचेच की माणसांचे, हा जुना वाद आहे. १९६०च्या दशकात विष्ठाजन्य कोलिफॉर्म व स्ट्रेप्टोकॉकस (आतड्यांतील आणखी एक जीवाणुगट) यांच्या संख्यांच्या गुणोत्तरावर भिस्त होती : ४ हून अधिक असल्यास उगम मानवी, ०.७ हून कमी असल्यास प्राण्यांचा. परंतु हे दोन्ही गट पाण्यात सारख्या वेगाने मरत नाहीत. नमुना शिळा होत जातो तसे गुणोत्तर सरकते. म्हणून ही कसोटी मागे पडली. आता बॅक्टेरॉइडेलीझ गणातील (आतड्यांत राहणाऱ्या) जीवाणूंच्या १६एस आरआरएनए या ओळख पटवणाऱ्या जनुकातील श्वानविशिष्ट खुणा पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राने) शोधतात. ही पद्धत अधिक ग्राह्य वाटते, तथापि मृत पेशींचे डीएनएही त्यात मोजले जाते आणि काही खुणा इतर प्राण्यांच्या विष्ठेतही सापडतात. एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये.

विष्ठा उचलताना पिशवी उलटी करून हातात चढवावी, विष्ठा मुठीत धरून पिशवी सुलट ओढावी आणि गाठ मारावी. पातळ विष्ठेवर कोरडी माती टाकून ती वरच्या मातीच्या थरासह खरवडावी. पाइपने धुतल्यास जीवाणू थेट पावसाळी गटारात जातात. कंपोस्ट करायचे तर बंदिस्त पात्रात किमान ५५° से. तापमान सलग तीन दिवस टिकावे लागते. उघड्या लहान ढिगाच्या कडा तेवढ्या तापत नाहीत, म्हणून असे खत भाजीपाल्याला वर्ज्य. टॉक्सोकॅरा या गोलकृमीची अंडी (हा जीवाणू नव्हे) ताज्या विष्ठेत संसर्गक्षम नसतात, मातीत साधारण दोन ते चार आठवड्यांनी होतात. विष्ठा त्याच दिवशी उचलण्याचे हे आणखी एक कारण.