बॅकलिंक

एखाद्या संकेतस्थळावरून दुसऱ्या संकेतस्थळाकडे जाणारा दुवा त्या दुसऱ्यासाठी बॅकलिंक असतो. शोधयंत्रे त्याला शिफारस समजतात. गुगलसारख्या शोधयंत्रात आपले पान वर यावे म्हणून असे दुवे मिळवण्याच्या कामाला लिंक बिल्डिंग म्हणतात.

या विचाराचे मूळ संशोधनातील संदर्भपद्धतीत आहे. एखाद्या शोधनिबंधाचा हवाला पुढे कोणी कोणी दिला, याची पद्धतशीर नोंद युजीन गारफिल्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्सने १९६४ पासून उपलब्ध करून दिली. १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी ‘बॅकरब’ प्रकल्पात हाच न्याय वेबला लावला. त्यातून आलेल्या पेजरँक पद्धतीत दुव्यांची नुसती मोजदाद होत नाही. प्रत्येक पानाचे वजन त्याच्यावरून बाहेर जाणाऱ्या दुव्यांत वाटले जाते. म्हणून वजनदार पानावरच्या मोजक्या दुव्यांपैकी एक मिळाला, तर तो शेकडो दुव्यांच्या यादीतल्या जागेपेक्षा मोलाचा ठरतो. आज गुगल इतरही अनेक निकष लावते, तरी दुवे त्यात आहेतच.

दुव्यावरचे शब्दही महत्त्वाचे. कृषी विषयाच्या संकेतस्थळाने ‘हापूसवरील तुडतुड्यांचे नियंत्रण’ या शब्दांवर दुवा दिला, तर पुढचे पान कशाबद्दल आहे हे शोधयंत्राला आणि बागायतदाराला दोघांनाही कळते. ‘येथे क्लिक करा’ यातून काहीच कळत नाही.

शिफारशीला किंमत आली, तसा तिचा बाजारही भरला. प्रतिक्रियांच्या रकान्यांत दुवे कोंबण्याला आळा घालण्यासाठी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली; हा दुवा शिफारस समजू नये, असे ती शोधयंत्राला सांगते. २०११ च्या फेब्रुवारीत जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीसाठी विकत घेतलेल्या दुव्यांचे जाळे न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले आणि गुगलच्या निकालांत तिची पाने झपाट्याने खाली गेली. गुगलने एप्रिल २०१२ मध्ये आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ बदलाने अशा कृत्रिम दुव्यांवर सरसकट कारवाई केली. पैसे देऊन घेतलेल्या दुव्यावर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण हवी, असा गुगलचा नियम आहे. ‘महिन्यात हजार बॅकलिंक’ विकणाऱ्यांपासून लहान व्यावसायिकांनी लांबच राहावे. विकिपीडियाच्या लेखांतील बाहेरच्या दुव्यांनाही नोफॉलो असते, त्यामुळे तिथे दुवे घुसडून क्रमवारीचा लाभ मिळण्याची आशा धरू नये. वर लेखांची नासाडी होते ती वेगळीच.

टिकाऊ दुवा मिळतो तो दुसरीकडे नसलेल्या माहितीमुळे: स्वतः गोळा केलेली आकडेवारी, जुन्या छायाचित्रांचा नीट नोंदवलेला संग्रह, स्थानिक इतिहासाची कालसूची. आणखी एक प्रामाणिक वाट म्हणजे तुटलेल्या दुव्यांची. आपल्याच विषयाच्या संकेतस्थळांवर बंद पडलेल्या पानांकडे जाणारे दुवे शोधायचे, चालकांना तसे कळवायचे आणि त्या जागी शोभेल असे आपले पान असेल तरच ते सुचवायचे. आपल्याकडे कोणाकोणाचे दुवे येतात, हे गुगल सर्च कन्सोल या संकेतस्थळचालकांसाठीच्या साधनाच्या ‘लिंक्स’ अहवालात विनामूल्य पाहता येते.